सातबारा, दावण आणि विधिमंडळ

आपल्या महाविद्यालयात शिकणारी बहुतेक मुले-मुली शेतकऱ्यांच्या, वाटेकऱ्यांच्या किंवा शेतमजुरांच्या घरची आहेत. घरात पुस्तकांचे कपाट असो वा नसो, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला सातबाऱ्याचा उतारा आणि गोठ्यात एखादी म्हैस, निदान दोन शेळ्या, एवढे तरी बहुतेकांकडे असते. ज्यांच्याकडे उताराही नाही त्यांच्याकडे शेळ्या असतात. या जमिनीविषयी आणि या जनावरांविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ कायदे झाले. पण ते कायदे सभागृहात कोणी वाचले, त्यांतल्या कलमांवर कोणी शंका काढली, कोणाची साक्ष घेतली, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. राज्यशास्त्राच्या तासाला विधेयकाची तीन वाचने आपण पाठ करतो. प्रवर समितीवर टीप लिहितो. मात्र जमिनीचा किंवा जनावराचा एखादा खरा कायदा समोर ठेवून ही तीन वाचने प्रत्यक्षात कशी झाली हे पाहण्याचा प्रघात नाही. या लेखात तो प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम अधिकाराची वाटणी. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत अठराव्या क्रमांकावर जमीन, जमीनधारणा, कूळ आणि मालक यांचे संबंध हे विषय आहेत. पंधराव्या क्रमांकावर पशुधनाचे जतन आणि सुधारणा आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध हा विषय मात्र समवर्ती सूचीत, सतराव्या क्रमांकावर. म्हणजे बैल ज्या जमिनीत चालतो ती मुंबईच्या अखत्यारीत, बैलाची जात टिकवणे हेही मुंबईच्याच अखत्यारीत आणि त्याच बैलाला पराणी टोचली तर तो विषय दिल्ली व मुंबई दोघांचा. बैलाला या सूच्या ठाऊक नाहीत. त्याच्या धन्यालाही नाहीत. त्याला जमीन आणि जनावर हा एकच संसार वाटतो, आणि माझ्या मते त्याचेच बरोबर आहे. कायदे करणाऱ्यांनी ते दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानले, येथूनच पुढचा बराच घोटाळा सुरू होतो.

विधिमंडळात जमिनीच्या प्रश्नाची चिकित्सा कशी व्हावी याचे उदाहरण शोधू गेल्यास आपल्याला फार मागे, इंग्रजी अमदानीतल्या मुंबई कायदेमंडळात जावे लागते. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक तेथे मांडले. महार वतनदाराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करावयाची, मोबदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते घ्यावयाचे, अशी ती व्यवस्था. जमिनीच्या त्या तुकड्यापायी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेला होता. तो तुकडा पूर्ण सारा भरून त्याच्याकडे राहावा, पण चाकरीचे जोखड सुटावे, अशी विधेयकाची दिशा होती. विधेयक प्रवर समितीकडे गेले. तेथे त्याची इतकी छाटाछाट झाली की १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले. ही वतने कायद्याने बंद व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! समितीकडे पाठविणे म्हणजे चिकित्सा, असे सरसकट मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. समितीत कोण बसले आहे, आणि दाराबाहेर कोण उभे आहे, यावर सारे अवलंबून असते.

१९३७ साली त्यांनीच कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तेव्हा अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप चालू होता. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ साली सुरू झालेला हा संप १९३९ पर्यंत टिकला. जमिनी ओसाड ठेवल्या, पण खंड दिला नाही. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर मोर्चा घेऊन आले. विधेयक पुढे सरकले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. सभागृहात जी साक्ष घेतली गेली नाही ती शेतकऱ्यांनी रस्त्यावर येऊन दिली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. किंमत साऱ्याच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत, तीही हप्त्याने. मराठवाड्यासाठी हैदराबादचा १९५० चा आणि विदर्भासाठी १९५८ चा कायदा वेगळा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ज्यांना ‘कुळकायद्यात जमीन मिळाली’ ते याच कायद्याने, आणि ज्यांची ‘कुळकायद्यात गेली’ तेही याच कायद्याने. एकाच आळीत या दोन्ही प्रकारची माणसे अजून एकमेकांशी जपून बोलतात.

हा कायदा न्यायालयात अडकू नये म्हणून पहिल्या घटनादुरुस्तीने, १९५१ साली, नवव्या अनुसूचीत घालण्यात आला. त्या अनुसूचीतील मूळच्या तेरा कायद्यांत त्याचा क्रमांक दुसरा. जमीनदारांचे वकील पाहता ही तजवीज आवश्यक होती, यात मला शंका नाही. पण तिचा एक अर्थ आपण विसरतो. ज्या कायद्याच्या तोंडाशी न्यायालयाला उभे राहता येत नाही, त्या कायद्याची राखण फक्त सभागृहाने करावयाची असते. कायदा करतानाही आणि झाल्यावरही. ती राखण कोणी केली? प्रा. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गावोगाव पाहणी करून १९५७ साली या कायद्याच्या अंमलबजावणीचा अहवाल प्रसिद्ध केला. कुळे राजीखुशीने जमीन सोडत असल्याचे कागद जागोजाग होत होते आणि संरक्षण कागदावरच राहात होते, हे त्यातून पुढे आले. राजीखुशीने जमीन सोडणारा शेतकरी आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय? जे काम विधिमंडळाच्या समितीने करावयाचे ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी केले. त्यांचे उपकारच, पण अभ्यासक मंत्र्याला जाब विचारू शकत नाही, समिती विचारू शकते.

या न झालेल्या चिकित्सेची फळे आजही शेतात उभी आहेत. कुळकायद्याच्या धास्तीने मालक आपली जमीन कागद करून कसावयास देत नाही. तो ती अर्धेलीने देतो, बटईने देतो, ठोक्याने देतो, पण तोंडी. वाटेकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. गारपीट झाली तर पंचनामा मालकाच्या नावाने होतो, पीककर्ज मालकाच्या नावाने निघते. मालक भला असेल तर भरपाईतला वाटा देतो. मालक पुण्या-मुंबईला राहात असेल तर बँकेत पैसे जमा झाल्याचे वाटेकऱ्याला कळतही नाही. २०१६ साली निती आयोगाच्या तज्ज्ञ गटाने शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्याचा एक नमुना कायदा तयार केला. मालकाचा हक्क पक्का ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि भरपाई मिळावी, अशी त्याची मांडणी. अशा मसुद्यावर राज्याच्या सभागृहांत दोन दिवस तरी मोकळी चर्चा व्हावयास नको का? मालकांच्या घरातील आणि वाटेकऱ्यांच्या घरातील मुले आपल्या वर्गात एकाच बाकावर बसतात. ती बोलू शकतात, तर त्यांचे प्रतिनिधी का बोलू शकत नाहीत?

आता जनावराकडे वळू. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा संसदेत कसा आला ही कथा मोठी वाचनीय आहे. प्रख्यात नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर नामनियुक्त झाल्या. त्यांनी या विषयावर खाजगी विधेयक आणले. पंडित नेहरूंनी विषयाचे महत्त्व मान्य करून सरकारच स्वतः कायदा आणील असे आश्वासन दिले. सरकारने समिती नेमली, समितीने १८९० च्या जुन्या कायद्यातील उणिवा दाखविल्या आणि त्यातून १९६० चा कायदा घडला. एका सदस्येने विषय धरला, सोडला नाही, आणि सरकारला कामाला लावले, असे हे उदाहरण आहे. या कायद्याने स्थापलेल्या मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही रुक्मिणीदेवीच झाल्या.

हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांना शेतीचे थोडेफार भान होते असे दिसते. कारण अकराव्या कलमात क्रूरतेची लांबलचक व्याख्या केल्यावर शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे ही कामे विहित पद्धतीने केल्यास गुन्हा नव्हे, असेही म्हटले आहे. पण दंड पाहा. पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये. १९६० साली ही रक्कम टोचणारी असेल. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हाही कायद्यात दंडाचा आकडा हाच होता. बासष्ट वर्षांत पन्नास रुपयांत काय येते याचा हिशेब कोणाही सदस्याने मनावर घेऊन तडीस नेला नाही. टेम्पोत गुरे कोंबून नेणारा पन्नासाची नोट काढून देतो आणि पुढे जातो.

याच्या अगदी उलट दुसरे टोक बैलगाडा शर्यतीचे. या कायद्याच्या बाविसाव्या कलमाखाली खेळासाठी वापरावयाचे नाहीत अशा प्राण्यांची यादी सरकार काढू शकते. वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल, माकड यांच्या त्या यादीत जुलै २०११ मध्ये एका अधिसूचनेने बैलही जाऊन बसला. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि शर्यती बेकायदा ठरविल्या. २०१७ साली तामिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्रानेही केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. एप्रिलमध्ये दोन्ही सभागृहांनी ती एकापाठोपाठ संमत केली. अटींचा भंग करून शर्यत घेतल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे बैलाला गोठ्यात उपाशी ठेवले तर पन्नास रुपये आणि घाटात नियम मोडून पळविले तर पाच लाख! दोन्ही आकडे एकाच कायद्याच्या छत्राखाली राहतात. एकानेही हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर सभागृहात हशा तरी पिकला असता.

१८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे राज्यांचे कायदे वैध ठरविले. एखादा खेळ हा त्या प्रदेशाच्या संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरविण्याच्या कामी विधिमंडळाच्या मतात न्यायालय ढवळाढवळ करणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. शर्यतीचे चाहते त्या दिवशी गुलालात न्हाले. आमच्या वसतिगृहातही आरडाओरडा झाला. मला त्या निकालात जल्लोषापेक्षा जबाबदारी अधिक दिसते. न्यायालयाने सांगितले की हे पाहणे तुमचे काम आहे. मग सभागृहाने पशुवैद्यांची साक्ष घेतली का? घाटात बैल पडून जायबंदी होतो तेव्हा त्याचे पुढे काय होते, हे विचारले का? खिल्लार पाळणाऱ्याला वर्षभर खुराकाला काय खर्च येतो, शर्यत बंद असताना त्याने बैल कोणाला विकले, हे मांडले का? शर्यतीच्या बाजूने बोलणाऱ्यांपाशी खरा मुद्दा आहे: शर्यतीमुळे देशी वळू आणि खोंड पाळले जातात. विरोधकांपाशीही खरा मुद्दा आहे: चाबूक, टोचणी आणि शेपटी पिरगाळणे डोळ्यांनी दिसते. पण कोणत्याही पक्षाला बैलगाडाप्रेमींचा रोष नको होता. सर्वांचे एकमत झाले की चिकित्सेला सुट्टी मिळते.

गोवंशहत्याबंदीच्या कायद्यावर मत देताना मी जरा जपून लिहीन, कारण त्यात श्रद्धेचा भाग आहे आणि श्रद्धेवर वार्षिकाच्या अंकात वाद घालून काही साधत नाही. मी फक्त तारखा मांडतो. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने गायीच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू यांना दाखल्यावर सूट होती. ती सूट काढणारे दुरुस्ती विधेयक १९९५ साली संमत झाले आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. संमती मिळाली फेब्रुवारी २०१५ मध्ये! मधल्या काळात १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. ज्या सदस्यांनी हात वर केले त्यांतील कित्येक निवृत्त झाले, कित्येक वारले. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, बैलजोड्या कमी झाल्या, म्हातारा बैल पोसण्याचा खर्च कुठल्या कुठे गेला. पण जुन्या सभागृहाचा निर्णय नव्या शेतकऱ्याला लागू झाला आणि नव्या सभागृहाने त्यावर पुन्हा नजर टाकली नाही. २०१६ साली उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली आणि परराज्यातून आणलेले मांस बाळगण्याविषयीचे कलम रद्द केले. म्हणजे छाननी झाली ती पुन्हा न्यायालयातच. २०२४ साली राज्य सरकारने देशी गायींसाठी गोशाळांना दर गायीमागे रोज ५० रुपये अनुदान देण्याचे ठरविले. एका जनावराला रोज किमान पन्नास रुपये लागतात हे सरकारनेच यातून कबूल केले, असे मी समजतो. महिन्याचे दीड हजार होतात. भाकड किंवा थकलेले जनावर गोशाळेत न पाठविता दावणीलाच ठेवणाऱ्या तीन एकरवाल्याने ते कोठून आणावयाचे, हा प्रश्न बंदीला पाठिंबा देणाऱ्यानेच आधी विचारावयास हवा. कारण जनावराची खरी आबाळ तेथेच होते.

आणि आता ज्या एका उदाहरणासाठी मी हा लेख लिहावयास घेतला ते. २३ मे २०१७ रोजी केंद्र सरकारने गुरांच्या बाजारांसंबंधी नियम जाहीर केले. कायदा नव्हे, १९६० च्या कायद्याखालचे नियम. बाजारात कत्तलीसाठी गुरे विकावयाची नाहीत, घेतलेले जनावर सहा महिने पुन्हा विकावयाचे नाही, अशा त्यांत तरतुदी होत्या. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला तो कत्तलीच्या मुद्द्यावर. पण त्याच नियमांत आणखी एक अट होती: घेणारा माणूस शेतकरी आहे हे महसुली कागद पाहून ठरवावे. महसुली कागद म्हणजे आपल्याकडे सातबारा!

सांगोल्याच्या बाजारात, खरसुंडीच्या यात्रेत किंवा पंढरपूरच्या कार्तिकीच्या गुरांच्या बाजारात जाऊन उभे राहा आणि विचारा, येथे घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या नावावर जमीन आहे? बटईने कसणारा वाटेकरी बैल घेतो. त्याच्या नावावर जमीन नाही, कारण कुळकायद्याच्या भीतीने ती कोणी चढवीत नाही. भूमिहीन विधवा बचतगटाच्या पैशातून म्हैस घेते. तिच्या नावावर जमीन नाही, कारण ती कधीच नव्हती. ज्या घरात जमीन आहे तेथेही ती सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असते. एका खात्याने जमिनीच्या कागदावरून ज्याला गाळले त्याला दुसऱ्या खात्याने गुरांच्या बाजारातूनही गाळले, आणि दोघांपैकी कोणालाच त्याची खबर नव्हती. एखाद्या संसदीय समितीपुढे एक वाटेकरी आणि एक म्हैस पाळणारी बाई साक्षीला बसली असती तर अर्ध्या तासात हे ध्यानात आले असते.

असे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर तीस दिवस ठेवावेत असे कायद्याच्या ३८अ कलमात आहे. दुय्यम विधिविधान समिती म्हणून एक समितीही प्रत्येक सभागृहात असते. पण नियम आधी लागू होतात आणि मग सभागृहासमोर ठेवले जातात. या खेपेला त्यांना मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने आठवड्याभरात स्थगिती दिली आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू केली. पुन्हा न्यायालय.

चिकित्सा झाली तर काय होते, याचे चांगले उदाहरणही आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा बदलण्याचे विधेयक २०११ साली लोकसभेत आले आणि ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेले. समितीच्या अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन. चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या खासदार, आणि तेव्हा विरोधी पक्षात. समितीने वेळ घेतला, मते ऐकली, सरकारला न आवडणाऱ्या शिफारशीही केल्या. २०१३ साली कायदा झाला तो दोन्ही बाजूंच्या मतांनी. खाजगी प्रकल्पाला ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, अशी त्याची अट. पुढे डिसेंबर २०१४ पासून तीन वेळा अध्यादेश काढून ती अट सैल करण्याचा प्रयत्न झाला. प्रकरण संयुक्त समितीकडे गेले आणि ऑगस्ट २०१५ अखेर सरकारने अध्यादेश व्यपगत होऊ दिला. समितीत रुजलेला कायदा सहजासहजी उपटता येत नाही, एवढे तरी यावरून दिसते. याउलट २०२० चे तीन शेतीविषयक कायदे. राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी चर्चेविना रद्द झाले. ते चांगले होते की वाईट, यावर आमच्या वर्गात अजून भांडण होते. पण येताना चिकित्सा नाही आणि जातानाही नाही, हे दोन्ही बाजूंना खटकावयास हवे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आले.

समित्यांत वेळ जातो, हा आक्षेप नेहमीचा. जातो खरा. पण न्यायालयात किती गेला? शर्यतीचा प्रश्न २०११ पासून २०२३ पर्यंत बारा वर्षे लोंबकळला. समितीला सहा महिने दिले असते तर बैलाचे आणि गाडामालकाचे, दोघांचेही भले झाले असते. माझी मागणी मोठी नाही. जमिनीचे किंवा जनावराचे विधेयक आले की विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमावी. तिने मुंबईत बसून निवेदने मागवू नयेत. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी बैठक घ्यावी, आणि साक्षीदारांत सातबारा नसलेली माणसे निम्मी असावीत. मसुदा सोप्या मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. कायदा झाल्यावर पाच वर्षांनी त्याच समितीने पुन्हा त्याच गावी यावे. आमच्यासारखे विद्यार्थी सुट्टीत मतदारयाद्यांचे आणि जनगणनेचे काम करतात, तसे साक्षी टिपून घेण्याचे कामही करतील. प्रवासखर्च आणि चहा पुरे.

दरवर्षी स्नेहसंमेलनाला आपल्याकडे आमदार पाहुणे म्हणून येतात, शेतकऱ्यांच्या मुलांनी शिकावे असे सांगतात, टाळ्या घेऊन जातात. यंदा सत्काराच्या नारळानंतर आणि भाषणाच्या आधी कोणीतरी उठून त्यांना एवढेच विचारावे: साहेब, गुरांच्या बाजारात सातबारा दाखविण्याची अट होती, तेव्हा आपल्या मतदारसंघातल्या वाटेकऱ्याने बैल कोठून घ्यावयाचा, हे आपण सभागृहात कोणत्या तारखेला विचारले?